एनबीएची १९ वर्षांची अट आणि कॉलेजातलं ते एक वर्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायस्कूल संपताच एखादा मुलगा एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळायला तयार असेल तर त्याला १९ वर्षांची अट कशासाठी, आणि या अटीने कॉलेज बास्केटबॉलचं भलं केलं की नुकसान? टेक्सासमध्ये अकरावीत असलेल्या तुमच्या भाच्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सल्लागार म्हणून बरीच वर्षं काम केलं. कोणी कोणते विषय घ्यायचे, किती क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे अभ्यासाचे एकक) पूर्ण झाले, पुढच्या सत्रात मुलगा खेळायला पात्र आहे की नाही, हे बघणं माझं काम होतं. त्यामुळे माझ्या उत्तरात मैदानाइतकाच वर्गही येईल.

पहिली गोष्ट म्हणजे ही अट कॉलेजांनी घातलेली नाही, आणि कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेनेही नाही. एनबीएचे संघमालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या सामूहिक कराराचं ते एक कलम आहे. २००५ च्या करारात ते आलं आणि २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेपासून, लागू झालं. त्याचे दोन भाग आहेत. ज्या वर्षी ड्राफ्ट, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला १९ पूर्ण व्हायला हवीत. आणि तो अमेरिकेत शिकलेला असेल तर त्याची हायस्कूलची बॅच बाहेर पडून एनबीएचा किमान एक हंगाम उलटलेला हवा. कूपर फ्लॅगला डॅलसने जून २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो अजून १८ चाच होता. त्याचा वाढदिवस डिसेंबरात येतो आणि हायस्कूल त्याने एक वर्ष आधीच उरकलं होतं, म्हणून दोन्ही भाग पुरे झाले.

कॉलेजात गेलंच पाहिजे असं मात्र हे कलम कुठे म्हणत नाही. मधलं वर्ष परदेशी लीगमध्ये काढा, नाहीतर घरी सराव करत. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीतून तो २०१५ च्या ड्राफ्टमध्ये गेला आणि डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. कॉलेजकडून तो एकही सामना खेळला नव्हता. त्याच अकादमीतून २०१८ मध्ये अँफर्नी सायमन्स गेला, तोही पहिल्या फेरीत. पण असे मोजकेच. बाकी बहुतेकांना कॉलेज हाच सरळ रस्ता वाटला, कारण टीव्हीवर दिसायचं तर तिथूनच.

आता हे सुरू कुठून झालं ते सांगतो, कारण त्याशिवाय २००५ चा करार समजत नाही. पूर्वी एनबीएत हायस्कूलनंतर चार वर्षं थांबावं लागे. स्पेन्सर हेवूड मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला मुलगा, १९६८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातला. त्याने कॉलेज अर्ध्यात सोडलं, आधी एबीए या दुसऱ्या लीगमध्ये खेळला आणि मग सिएटलच्या संघाशी करार केला. एनबीएने हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च १९७१ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूचा मनाई हुकूम कायम राहिला. पुढे तडजोड झाली. लीगने 'आर्थिक अडचण' दाखवणाऱ्यांना लवकर येण्याची मुभा दिली, आणि १९७६ मध्ये अडचण सिद्ध करण्याची अटही गेली. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी हायस्कूलमधून थेट ड्राफ्ट झाले. पुढची वीस वर्षं मात्र त्या वाटेने कोणी ड्राफ्टमध्ये गेलं नाही. दार उघडं असूनही संघांना धोका पत्करायचा नव्हता.

१९९५ मध्ये केव्हिन गार्नेट शिकागोच्या फॅरागट शाळेतून निघाला, मिनेसोटाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं, आणि चित्र पालटलं. वर्षभराने कोबी ब्रायंट आणि जर्मेन ओनील, मग ट्रेसी मॅग्रेडी. २००१ मध्ये पहिल्या चारांतले तीन खेळाडू हायस्कूलचे होते. २००३ मध्ये लेब्रॉन, २००४ मध्ये ड्वाइट हॉवर्ड, दोघेही पहिल्या क्रमांकावर.

याचं कारण लोक गुणवत्तेत शोधतात. मला ते पगाराच्या रचनेत दिसतं. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सन या नवख्या खेळाडूने मिल्वॉकीकडून १० वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळवला. मालक हादरले आणि १९९५ पासून नवोदितांच्या पगाराचे ठरलेले टप्पे आले. म्हणजे पहिला करार तुम्ही कितीही चांगले असलात तरी मर्यादित, खरे पैसे दुसऱ्या करारात. मग हुशार खेळाडू काय करणार? तो दुसऱ्या कराराचं घड्याळ शक्य तितक्या लवकर सुरू करणार. गार्नेटने १९९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाखांचा करार केला तेव्हा ते गणित सगळ्यांना दिसलं. कॉलेजातलं प्रत्येक वर्ष म्हणजे कारकिर्दीच्या ऐन भरातलं कमाईचं एक वर्ष कमी.

हे लक्षात घेतलं की २००५ ची अट कोणाच्या सोयीची होती ते दिसतं. कमिशनर डेव्हिड स्टर्न यांना वय २० हवं होतं, तडजोड १९ वर झाली. मालकांना आयता फायदा असा की मुलगा एक वर्ष तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, टीव्हीवर, दुसऱ्याच्या खर्चाने खेळलेला बघायला मिळणार आणि मग पैसे लावायचे. युनियनचे सभासद म्हणजे आधीच लीगमध्ये असलेले खेळाडू. संघातल्या जागा मोजक्या असतात, आणि एक अठरा वर्षांचा मुलगा आला की एखादा तेहतीस वर्षांचा घरी जातो. ज्याच्यावर ही अट लागू होणार होती तो कराराच्या टेबलावर कुठेच नव्हता.

तो न्यायालयात गेला तर? अमेरिकन फुटबॉलमध्ये हे होऊन गेलं आहे. त्या खेळाच्या एनएफएल लीगची अट हायस्कूलनंतर तीन वर्षांची. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने तिला आव्हान दिलं, खालच्या कोर्टात जिंकला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. तो निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुद्दा असा की कामगार आणि मालक यांनी वाटाघाटींतून ठरवायच्या अशा अटींना मक्तेदारीविरोधी कायद्याची कात्री लागत नाही. हेवूडच्या वेळी असा करार आड आला नव्हता, आता येतो. म्हणून वयाची अट कोर्टातून जाणार नाही, गेली तर दोन्ही पक्षांच्या मर्जीने जाईल.

अटीचं समर्थन करणारे फसलेल्यांची नावं घेतात. २००१ चा पहिला क्रमांक क्वामे ब्राऊन हे नेहमीचं उदाहरण. पण क्वामे ब्राऊन एनबीएत १२ हंगाम खेळला, आणि जगातल्या बहुसंख्य बास्केटबॉलपटूंना तेवढं मिळत नाही. खरं दुःख दुसऱ्यांचं होतं. १९९६ मध्ये टाज मॅकडेव्हिड, २००२ मध्ये लेनी कुक, हे हायस्कूलमधून ड्राफ्टला उतरले आणि त्यांना कोणीच निवडलं नाही. एजंट घेतला की कॉलेजात खेळण्याची पात्रताही संपलेली असायची. म्हणजे दोन्ही दारं बंद. मला आजही वाटतं की या मुलांसाठी वयाची अट नको होती, परतीची वाट हवी होती. निवड झाली नाही तर कॉलेजात येऊन खेळ, एवढं एनसीएएने म्हटलं असतं तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला असता. बेसबॉलमध्ये हायस्कूलचा मुलगा ड्राफ्ट होतो, रक्कम पटली नाही तर कॉलेजात जातो, आणि कोणाचं काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टेनिसमध्ये, गोल्फमध्ये, आइस हॉकीमध्ये अठराव्या वर्षी व्यावसायिक होणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची कोणाला एवढी काळजी वाटली नाही. ज्या दोन खेळांत वाटली, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल, त्या दोन्हींत बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. जर्मेन ओनीलने २००५ मध्येच हा प्रश्न उघडपणे विचारला होता आणि त्याच्यावर टीका झाली. प्रश्न रास्तच होता.

आता कॉलेजांकडे येतो. अट लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटला ग्रेग ओडन आणि टेक्सासला केव्हिन ड्युरंट मिळाला. ड्युरंट नेस्मिथ आणि वुडन हे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार मिळवणारा प्रथम वर्षाचा पहिलाच विद्यार्थी ठरला. ओहायो स्टेट २००७ च्या अंतिम सामन्यात पोचलं आणि फ्लोरिडाच्या मुरलेल्या संघाकडून हरलं. २००८ मध्ये डेरिक रोजच्या मेम्फिसने ३८ सामने जिंकले, पण पुढे त्याचा प्रवेश परीक्षेचा निकाल अवैध ठरल्याने ते सगळे विजय नोंदवहीतून काढले गेले. तिथले कोच जॉन कॅलिपरी मग केंटकीला गेले आणि त्यांनी ही पद्धतच बसवली: दरवर्षी देशातली सर्वोत्तम मुलं आणायची, वर्षभर खेळवायची, एनबीएत पाठवायची, पुन्हा नवी आणायची. २०१० मध्ये केंटकीचे पाच खेळाडू एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसला घेऊन त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. २०१५ मध्ये ड्यूकने तसंच, प्रथम वर्षाच्या मुलांच्या जोरावर.

यापुढे ही यादी थांबते, आणि याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. २०१५ चीच केंटकी ३८ सामने सलग जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरली. त्यानंतरची विजेतेपदं बघा: व्हिलानोव्हा २०१६ आणि २०१८, व्हर्जिनिया २०१९, बेलर २०२१, कॅन्सस २०२२. सगळे तीन-तीन, चार-चार वर्षं मुरलेल्या खेळाडूंचे संघ. मार्केल फुल्ट्झ २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, त्याचा वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ त्या हंगामात फक्त ९ सामने जिंकला होता. बेन सिमन्सचं लुइझियाना स्टेट विद्यापीठ तर एनसीएए स्पर्धेत पोचलंही नाही. तेव्हा एका वर्षाच्या पाहुण्यांनी मैदानावरचा खेळ नासवला ही तक्रार मला फारशी पटत नाही.

नासलं ते पहिल्या वर्षाचं शिक्षण. हे मी जवळून बघितलं आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मुलगा जूनमध्ये येतो. उन्हाळी सत्रात दोन विषय घेतो. ऑगस्टमध्ये नियमित सत्र सुरू होतं, तिथे पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे किमान १२ क्रेडिट. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम सुरू. एनसीएएच्या नियमाप्रमाणे पहिल्या सत्रात किमान ६ क्रेडिट पास झाले की तो जानेवारीनंतर खेळायला पात्र. आता जानेवारीचं सत्र डोळ्यांपुढे आणा. त्या सत्रात खेळण्यासाठी १२ क्रेडिटला नाव नोंदवलेलं असणं पुरतं. त्या सत्राचा निकाल लागतो मे महिन्यात, तोवर हंगाम संपलेला असतो. पुढच्या वर्षी पात्र राहण्यासाठी २४ क्रेडिट लागतात, पण पुढच्या वर्षी तो इथे नसणारच. आठवड्याला दोन सामने, त्यातला एक बाहेरगावी. मार्चमध्ये आधी विभागीय स्पर्धा, मग ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा, ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. संघ हरला की त्याच आठवड्यात एजंटचे फोन, आणि ड्राफ्टच्या तयारीसाठी लॉस एंजेलिस किंवा लास व्हेगासचं विमान. सत्राची परीक्षा व्हायला अजून महिना असतो.

त्याला वर्गाशी बांधणारा एकच धागा उरतो, तोही त्याचा नाही, संघाचा. एनसीएए प्रत्येक संघाचा शैक्षणिक प्रगतीचा गुणांक काढते. स्कॉलरशिपवरचा प्रत्येक खेळाडू दर सत्राला दोन गुण मिळवू शकतो, एक पात्र राहण्याचा आणि एक कॉलेजात टिकून राहण्याचा. हजारपैकी ९३० च्या खाली संघ गेला की राष्ट्रीय स्पर्धेवर बंदी येऊ शकते. कनेटिकट हा मोठा संघ, २०१३ मध्ये याच कारणाने स्पर्धेबाहेर राहिला. व्यावसायिक करारासाठी गेलेला खेळाडू जाताना पात्र असेल तर टिकून राहण्याच्या गुणाबाबत सवलत मागता येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमची सगळी धडपड एवढीच असायची की याने ऑनलाइन का होईना, सत्र पूर्ण करावं. ते विद्यापीठाच्या हिताचं होतं. मुलाच्या हिताचं होतं असं मी म्हणणार नाही.

ही मुलं मठ्ठ नव्हती. काही तर वर्गात सगळ्यात चौकस असायची, त्यांना फक्त प्रामाणिक सौदा हवा होता. मी त्यांना आग्रह करायचो की एक विषय वैयक्तिक अर्थव्यवहाराचा घ्या, एक लेखनाचा घ्या, आणि जो करार पुढे सही करणार त्याची भाषा वाचायला इथेच शिका. ज्यांनी ऐकलं त्यांना त्याचा उपयोग झाला. पण वर्षाची रचनाच अशी की दुसऱ्या सत्रात शिकण्यासारखं कारण कोणी त्यांना देत नव्हतं. अठरा वर्षांच्या मुलाला आपण दाखवून देत होतो की वर्ग हा मैदानाकडे जाण्याचा टोलनाका आहे.

आणि या वर्षाचे पैसे कोणाला? राष्ट्रीय स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला गेले. मुलाला स्कॉलरशिप, राहणं, जेवण. मधली पोकळी बूट कंपन्यांच्या आणि दलालांच्या छुप्या पैशाने भरली. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने सहायक कोच आणि बूट कंपनीशी संबंधित लोकांना अटक केली तेव्हा या धंद्यातल्या कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. मग कोंडोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याने ही एका वर्षाची पद्धत संपवा अशी शिफारस केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटाला फाटला, गुडघा दुखावला, आणि एका दुखापतीवर किती टांगलेलं आहे हे साऱ्या देशाने बघितलं. एनबीएने वय १८ वर आणण्याचा प्रस्तावही मांडला, पण खेळाडूंचे वैद्यकीय अहवाल सगळ्या संघांना द्यायचे की नाही यावर युनियनशी जुळलं नाही. २०२३ च्या करारात अट तशीच राहिली.

दरम्यान पर्यायी वाटा निघाल्या. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्येच रोमला खेळायला गेला होता, लमेलो बॉल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात इलवारा संघाकडे. २०२० मध्ये एनबीएने स्वतःचाच जी लीग इग्नाइट संघ काढला, कॉलेजऐवजी पगार घेऊन खेळणाऱ्या मुलांसाठी. जेलन ग्रीन आणि स्कूट हेंडरसन तिथलेच, आणि पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही. कल्पना मला आवडली होती. पण २०२४ मध्ये तो संघ बंद झाला, कारण तोवर कॉलेजांतच पैसे मिळू लागले होते.

खरा बदल झाला तो इथे. जुलै २०२१ पासून खेळाडू आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे उघडपणे घेऊ शकतात. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं थेट मोबदला देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाच्या सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. परिणाम बघा: २०२१ मध्ये कॉलेजची चार वर्षं संपण्याआधी ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये शंभराच्या थोडे वर. जे वयाच्या अटीने आणि इतक्या भाषणांनी वीस वर्षांत साधलं नाही, ते योग्य मोबदल्याने चार वर्षांत साधलं. मुलं थांबू लागली. दुसऱ्या फेरीतल्या अनिश्चित करारापेक्षा कॉलेजातलं आणखी एक वर्ष आता जास्त पैसे देतं. थांबणारी मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात हा वेगळा त्रास आहे, आणि क्रेडिट जुळवताना सल्लागारांचा जीव जातो, पण तो अटीचा परिणाम नाही.

महिलांच्या खेळाचं उदाहरण माझ्याविरुद्ध दिलं जातं, तेव्हा तेही बघू. डब्ल्यूएनबीएत अमेरिकन खेळाडूसाठी साधारण २२ वर्षं किंवा पदवी अशी अट राहिली आहे. केटलिन क्लार्क आयोवात चार वर्षं खेळली, प्रेक्षक तिच्याबरोबर वाढले, आणि २०२४ चा महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. चार वर्षं एकच खेळाडू दिसली की कॉलेजच्या खेळाला बळ येतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण डब्ल्यूएनबीएतला तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर होता आणि कॉलेजात असतानाच ती जाहिरातींतून त्याहून खूप जास्त कमावत होती. थांबण्यात तिचं नुकसान नव्हतं. २०१० मधल्या अठरा वर्षांच्या मुलाचं होतं, आणि सगळा फरक तिथेच आहे.

माझं मत विचाराल तर वय १८ करावं, निवड न झालेल्याला कॉलेजात परत येऊ द्यावं, आणि जो कॉलेज निवडेल त्याला किमान दोन वर्षांचा शैक्षणिक आराखडा द्यावा. अट आज पूर्वीइतकी बोचत नाही, पण तेवढ्याने ती योग्य ठरत नाही.

आता तुमचा भाचा. तो एनबीएच्या तोडीचा आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, आणि त्याच्या कोचने सांगितलं तरी लगेच मानू नका. पण एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) कॉलेजात खेळायचं असेल तर कागदांची तयारी आत्ताच हवी. हायस्कूलचे १६ मुख्य विषय लागतात, त्यांत ग्रेडची सरासरी (जीपीए) ४ पैकी २.३. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. हे १० चं कलम बऱ्याच भारतीय पालकांना बारावीत कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. शाळेच्या समुपदेशकाकडून एनसीएएने मान्य केलेल्या विषयांची यादी या आठवड्यातच मागून घ्या आणि त्याचे विषय एकेक करून ताडून बघा. त्याचा व्हिसा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर प्रश्न नाही. एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल किंवा पुढे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल, तर जाहिरातीचे किंवा विद्यापीठाचे पैसे घेणं हे अमेरिकेत काम करणं ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. कोणी कितीही रक्कम देऊ केली तरी इमिग्रेशन वकिलाने कागद वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.